स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की हॉर्न वाजतो, त्यामागे एका जर्मन मेकॅनिकचं अख्खं आयुष्य आहे

मागच्या अंगारकीला आम्ही भोकरदनहून राजूरच्या गणपतीला निघालो होतो. गाडी काकांची आणि चालवत होते तेही काकाच. राजूर जवळ आलं तशी गर्दी लागली. काकांनी हॉर्न दाबला, काहीच झालं नाही. पुन्हा दाबला, तरी शांतता. मग लक्षात आलं की स्टिअरिंगवरची आवाज कमी-जास्त करायची बटणंही मेलीत आणि समोर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा पेटलाय. शेवटचा एक किलोमीटर मी खिडकीतून डोकं बाहेर काढून लोकांना बाजूला व्हा म्हणत होतो. थोडक्यात, त्या दिवशी गाडीचा हॉर्न मीच होतो.

दुसऱ्या दिवशी भोकरदनच्या गॅरेजवर गेलो. मला वाटलं मेकॅनिक बोनेट उघडेल आणि हॉर्न बघेल. पण त्या माणसाने हॉर्नला हातसुद्धा लावला नाही. हॉर्न, बटणं आणि एअरबॅग तिन्ही एकदम गेलं म्हणजे दोष एकाच ठिकाणी असणार, असा त्याचा हिशोब. बॅटरीची वायर काढून त्याने थोडा वेळ जाऊ दिला, स्टिअरिंग उघडलं आणि आतून बांगडीएवढी एक गोल प्लॅस्टिकची डबी काढली. तिच्यात जुन्या कॅसेटच्या टेपसारखी एक चपटी पट्टी गुंडाळलेली होती आणि ती एका जागी तुटली होती.

या डबीला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. तिच्याकडे आपण परत येऊच. पण घरी आल्यावर मी शोधायला लागलो की गाडीत बटण दाबलं की काहीतरी होतं, हा सगळा प्रकार सुरू कुणी केला. एका माणसाने केला असं म्हणता येत नाही. पण शोधताना एकच नाव सारखं आडवं येत होतं. हॉर्नमध्ये तेच, इंडिकेटरमध्ये तेच, वायपरमध्ये तेच, आणि आजच्या गाडीतले कॉम्प्युटर ज्या वायरवरून एकमेकांशी बोलतात तिथेही तेच.

रॉबर्ट बॉश.

आता तुम्ही म्हणाल, बॉश ही तर कंपनी आहे. ड्रिल मशीन बनवते, वॉशिंग मशीन बनवते. बरोबर आहे. पण बॉश नावाचा एक हाडामांसाचा दाढीवाला माणूस होता आणि सुरुवातीला तो लोकांच्या घरात विजेच्या घंटा बसवून पोट भरत होता.

२३ सप्टेंबर १८६१. दक्षिण जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक नावाच्या खेड्यात रॉबर्टचा जन्म झाला. बारा भावंडांतला तो अकरावा. वडिलांची शेती आणि खाणावळ होती, घर खाऊनपिऊन सुखी. वडील वाचणारे होते आणि पोरांनी शिकावं यावर त्यांचा भर होता. १८६९ मध्ये कुटुंब उल्मला राहायला आलं.

शाळा संपल्यावर रॉबर्टला उल्ममधल्या एका बारीक यंत्रकाम करणाऱ्या कारागिराकडे तीन वर्षं शिकाऊ म्हणून ठेवलं. तिथे त्याच्या नशिबी आलं ते आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजमधल्या पोऱ्याच्या नशिबी येतं तेच. उस्तादाचं लक्ष नाही, शिकवणं कमी आणि वरकाम जास्त. ही तीन वर्षं वाया गेल्याची सल त्याच्या मनात कायम राहिली. पुढे स्वतःचा कारखाना मोठा झाल्यावर १९१३ मध्ये त्याने शिकाऊ पोरांसाठी वेगळा विभाग काढला, तो या सलीतूनच आला असं मला वाटतं.

शिकाऊपण संपलं आणि पठ्ठ्या फिरायला लागला. जर्मनीतल्या वेगवेगळ्या कारखान्यांत काम केलं, स्टुटगार्टच्या पॉलिटेक्निकमध्ये थोडे दिवस लेक्चर ऐकली आणि १८८४ मध्ये थेट अमेरिका गाठली. न्यूयॉर्कमध्ये तो एडिसनच्या कारखान्यात कामाला लागला. तिथे तो कामगार संघटनेतही सामील झाला होता. मग इंग्लंड, तिथे सीमेन्सच्या कारखान्यात नोकरी, आणि परत जर्मनी.

१५ नोव्हेंबर १८८६ ला स्टुटगार्टमधल्या एका इमारतीच्या मागच्या बाजूला त्याने वर्कशॉप टाकलं. भांडवल १० हजार मार्क, तेही बहुतेक वडिलांच्या वारशातून आलेले. माणसं किती? तो, एक मेकॅनिक आणि एक वरकामाचा पोरगा. वय वर्षं २५.

काम काय मिळेल ते. टेलिफोन बसवणं, दुरुस्त्या करणं आणि विजेच्या घंटा लावणं. हा घंटेचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण दाराची घंटा आणि गाडीचा हॉर्न यांच्यात पोटात फारसा फरक नाही.

घंटेत एक तारेचं वेटोळं असतं. बटण दाबलं की त्यातून वीज जाते, वेटोळ्याचं लोहचुंबक होतं आणि ते लोखंडी पट्टी ओढून घेतं. पट्टी ओढली गेली की तिच्यामुळेच विजेचा रस्ता तुटतो. रस्ता तुटला की चुंबक संपलं, पट्टी परत जागेवर. जागेवर आली की रस्ता पुन्हा जुळतो. ही ओढाताण सेकंदाला कितीतरी वेळा होते. पट्टीला टोल लावला की घंटा झाली. टोलाऐवजी पत्र्याचा गोल पडदा थरथरवला आणि थरथर सेकंदाला चारेकशे वेळा केली, की झाला हॉर्न.

तर वर्कशॉप सुरू झालं, पण चालेना. पैसे येण्याआधी संपायचे. आईने आणि नातेवाइकांनी जामीन राहून कर्ज मिळवून दिलं, म्हणून शटर उघडं राहिलं. मध्येच मंदी आली आणि जमवलेल्या बहुतेक कामगारांना काढावं लागलं. या काळात त्याने एक उधळपट्टी केली. ग्राहकांकडे लवकर पोचता यावं म्हणून त्याने सायकल घेतली. तेव्हा सायकल म्हणजे महागडी आणि नवलाईची वस्तू. दाढीवाला मेकॅनिक सायकलवर, हे बघायला लोक थांबायचे.

त्याला वाचवलं ते मॅग्नेटोने. १८८७ मध्ये एका ग्राहकाने विचारलं की एका जागी बसवलेल्या गॅस इंजिनासाठी ठिणगी पाडणारं यंत्र बनवून देशील का. असं यंत्र डॉइट्स कंपनी वापरत होती. बॉशने आधी त्याचं पेटंट आहे का याची चौकशी केली, मग जाऊन एक यंत्र पाहिलं आणि स्वतःचं बनवलं. शोध त्याचा नव्हताच. चुंबकाच्या शेजारी तारेचं वेटोळं हलवायचं, त्यातून वीज तयार करायची आणि त्या विजेने इंजिनात ठिणगी पाडायची. बॅटरी नको की काही नको. बॉशने फक्त ते नीट आणि भरवशाचं बनवलं. या माणसाच्या आयुष्यात हे सारखं दिसतं. तो मोठा शोधक नव्हता. वस्तू बिघडणार नाही अशी कशी करायची, हे मात्र त्याला कळत होतं.

दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, इंग्लंडहून फ्रेडरिक सिम्स नावाचा व्यापारी एक अडचण घेऊन आला. त्याच्याकडे द दियों-बुतों कंपनीची तीनचाकी मोटार होती. तिचं इंजिन इतकं जोरात फिरायचं की जुना मॅग्नेटो त्याला पुरा पडेना. बॉशचा फोरमन आर्नोल्ड झेरिंगर याने युक्ती काढली. जड वेटोळं हलवण्याऐवजी त्याच्याभोवतीची हलकी नळी हलवायची. जमलं. गाडीवर चालणारा मॅग्नेटो तयार झाला. १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड या त्याच्या इंजिनिअरने जास्त दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग अशी जोडी दिली आणि मग बॉशला मागे वळून बघायची गरज पडली नाही. १९०६ मध्ये एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला. बॉशच्या खोक्यावर वर्तुळात जे चिन्ह दिसतं ना, ते म्हणजे याच मॅग्नेटोच्या आतला भाग. १९१८ मध्ये ते चिन्ह होनोल्डनेच काढलं.

त्याच १९०६ साली बॉशने कारखान्यात आठ तासांची पाळी लावली. जर्मनीत तेव्हा असं करणारे मालक बोटावर मोजण्याइतके होते. बाकीचे कारखानदार चिडून त्याला लाल बॉश म्हणायला लागले. पण म्हणून तो साधुसंत होता असं नाही. १९१३ मध्ये त्याच्याकडेही संप झाला, कारखाना बंद पडला आणि त्यानंतर हा लाल बॉश मालकांच्या संघटनेत जाऊन बसला. दुसरीकडे ऑफिसात जमिनीवर पडलेली कागदाची क्लिप उचलून तो माणसांना पैशाची किंमत समजावायचा, असेही किस्से सांगितले जातात. म्हणजे मालक तसा कडकच.

पहिलं महायुद्ध आलं. युद्धात धंदा झाला, पण त्या कमाईवर आपलं पोट भरू नये असं त्याला वाटत होतं, म्हणून त्यातले लाखो मार्क त्याने नेकार नदीच्या कालव्यासाठी आणि इतर कामांना देऊन टाकले. युद्ध चालू असतानाच अमेरिकेतली कंपनी तिथल्या सरकारने जप्त केली आणि परदेशातला बराचसा धंदा बुडाला.

मग १९२१. त्या साली बॉश कंपनीचा हॉर्न बाजारात आला. विजेचे हॉर्न त्याआधीही होते आणि बऱ्याच गाड्यांवर रबरी फुग्याचा भोंगाच असायचा. बॉशचा हॉर्न गाजला तो खणखणीत आवाजामुळे आणि टिकाऊपणामुळे. त्याच साली बॉशचा एकुलता एक मुलगा, त्याचंही नाव रॉबर्टच, लांबलेल्या आजारपणात गेला. ऐन तरुणपणात. पुढे कंपनी त्याच्याच हाती द्यायची असं घरात धरलेलं होतं. बॉश तेव्हा साठीला आलेला. नंतर पहिलं लग्न मोडलं, दुसरं झालं आणि १९२८ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्याला पुन्हा मुलगा झाला. त्याचंही नाव रॉबर्टच ठेवलं.

कंपनी मात्र थांबली नाही. १९१३ मध्ये हेडलाइट, डायनॅमो आणि बॅटरीचा अख्खा संच आला होता. १९२६ मध्ये वायपर, १९२७ मध्ये डिझेल इंजिनाचा पंप, १९२८ मध्ये वळण्याची खूण करणारा इंडिकेटर. तो इंडिकेटर आजच्यासारखा लुकलुकणारा नव्हता, गाडीच्या बाजूने हात बाहेर यावा तशी पट्टी बाहेर यायची. प्रत्येक नव्या वस्तूबरोबर ड्रायव्हरसमोर एक नवीन बटण येत होतं.

यातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट रेडिओची आहे. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्ट या नावाने गाडीत बसवायचा रेडिओ आला. वजन १५ किलो. किंमत ४६५ मार्क, म्हणजे गाडीच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश. एवढं धूड डॅशबोर्डमध्ये मावणार कसं? मग ते दुसरीकडे बसवलं आणि चालू-बंद करायचा, स्टेशन बदलायचा छोटा कंट्रोल स्टिअरिंगच्या दांड्यावर लावला. पुढच्याच वर्षी बॉशने ती कंपनी विकत घेतली. आज आपण अंगठ्याने गाणं बदलतो, त्याचा पणजोबा हा.

१९३३ नंतरचा भाग अवघड आहे आणि कंपनीचं कौतुक करणारे लेख तो घाईत उरकतात. हिटलर सत्तेवर आला. बॉशला नाझी आवडत नव्हते. त्याने आणि त्याच्या जवळच्या माणसांनी ज्यूंना नोकऱ्या दिल्या, देशाबाहेर पडायला पैसे दिले. त्याच्या मागून कंपनी सांभाळणाऱ्या हान्स वाल्ट्सला त्यासाठी १९६९ मध्ये इस्रायलकडून सन्मान मिळाला. हिटलरविरोधी कटातला मोठा माणूस कार्ल गोर्डेलर याला १९३७ पासून बॉश कंपनीने सल्लागार म्हणून पगारावर ठेवलं होतं. गोर्डेलरला पुढे फाशी झाली.

पण त्याच वेळी त्याच कंपनीच्या वस्तू हिटलरच्या विमानांत आणि रणगाड्यांत जात होत्या, आणि युद्धात तिच्या कारखान्यांत पकडून आणलेले हजारो मजूर राबत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

१९४० मध्ये त्याने स्टुटगार्टला हॉस्पिटल उभं केलं. १२ मार्च १९४२ ला तो गेला. निमित्त झालं कानाच्या दुखण्याचं. ज्या सरकारविरुद्ध तो आतून पैसा पुरवत होता, त्याच सरकारने त्याची सरकारी इतमामात अंत्ययात्रा काढली.

आता परत आपल्या भोकरदनच्या गॅरेजमध्ये चला.

स्टिअरिंग फिरतं, गाडी फिरत नाही. म्हणजे बटणाची वायर सरळ खाली नेली तर दोन वळणांत पीळ बसून तुटेल. जुन्या गाड्यांत यावर साधा उपाय होता. स्टिअरिंगखाली पितळेची गोल रिंग आणि तिला स्प्रिंगने टेकलेली पिन. रिंग फिरली तरी पिन टेकलेलीच. हॉर्नपुरतं हे ठीक होतं. अधूनमधून धूळ बसून संपर्क तुटला तर काय, फार तर हॉर्न वाजणार नाही. पण एअरबॅग स्टिअरिंगमध्ये आली आणि तिला क्षणभरही संपर्क तुटलेला चालेना. मग क्लॉक स्प्रिंग आली. चपटी पट्टी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, स्टिअरिंग एका बाजूला फिरवलं की आवळते, दुसऱ्या बाजूला फिरवलं की सैल होते, पण जोड पक्काच राहतो. म्हणूनच स्टिअरिंग काढून बसवताना ती बरोबर मध्यावर नाही ठेवली तर एका बाजूच्या वळणाला पट्टी कमी पडते आणि तुटते. आमच्या गाडीचं काही महिन्यांपूर्वी स्टिअरिंगचं काम झालं होतं. बाकी समजून घ्या.

दुसरा प्रश्न मला पडला होता. बटणं सात-आठ, मग त्या पट्टीत वायर एवढ्या कमी कशा?

बऱ्याच साध्या गाड्यांत यासाठी रेझिस्टरची युक्ती असते. म्युझिक सिस्टिमकडून एका वायरवर ५ व्होल्ट येतात, वाटेत समजा १००० ओहमचा रेझिस्टर आहे. प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर बसवलेला असतो. आवाज वाढवायच्या बटणामागे २५० ओहम असेल तर ते दाबल्यावर वायरवर १ व्होल्ट दिसतो. गाणं बदलायच्या बटणामागे १००० ओहम असेल तर २.५ व्होल्ट दिसतात. सिस्टिम फक्त व्होल्ट मोजते आणि कुठलं बटण दाबलं ते ओळखते. हे आकडे समजण्यापुरते घेतलेत, गाडीगणिक ते बदलतात.

यावरून अजून एक कोडं सुटतं. जुन्या गाडीत आवाज वाढवायला गेलं की कधीकधी गाणंच बदलतं. कारण बटणाखाली मळ साठतो आणि मळ म्हणजे फुकटचा रेझिस्टर. २५० मध्ये मळाचे ७५० मिळाले की झाले १०००, आणि सिस्टिमला वाटतं तुम्ही गाणं बदललंत. बाहेरून अँड्रॉइड स्टिरिओ बसवताना दुकानदार एकेक बटण दाबून धरायला लावतो, तेही याच कारणासाठी. तो नव्या स्टिरिओला कुठल्या बटणाचे किती व्होल्ट हे पाठ करायला लावत असतो.

हॉर्नचं थोडं वेगळं. हॉर्नला वीज जास्त लागते, तेवढी त्या नाजूक पट्टीतून नेली तर ती जळेल. म्हणून बटण फक्त रिलेला इशारा करतं आणि रिले हॉर्नला मोठी वीज सोडतो. पाटलाने मान हलवायची आणि गड्याने पोतं उचलायचं, तसं.

महागड्या आणि नव्या गाड्यांत स्टिअरिंगमध्येच छोटी चिप असते. ती बटणांचा निरोप आकड्यांत करून पाठवते, बहुतेक वेळा एकाच वायरवरून खालच्या कॉम्प्युटरला. तिथून तो निरोप गाडीभर जातो तो कॅन नावाच्या जाळ्यावरून. आणि हे कॅन बनवलं कुणी? बॉश कंपनीने. १९८३ मध्ये काम सुरू झालं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला ते जगासमोर मांडलं. स्टुटगार्टच्या त्या मागच्या बाजूच्या वर्कशॉपला त्या वर्षी बरोबर १०० वर्षं होत होती.

कॅनमध्ये एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायर असतात. शांत असताना दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट. काही सांगायचं असेल तर एक ३.५ वर चढते आणि दुसरी १.५ वर उतरते. ऐकणारा दोन्हींतला फरक बघतो. बाहेरून विजेचा गोंगाट आला तर तो दोन्ही वायरींवर सारखाच येतो, फरक तसाच राहतो, निरोप बिघडत नाही. गंमत म्हणजे पेट्रोल गाडीत हा गोंगाट करणाऱ्यांत पहिला नंबर ठिणगीचा, म्हणजे बॉशने ज्यावर नाव कमावलं तिचाच. आणि दोघे एकदम बोलायला लागले तर? प्रत्येक निरोपाला नंबर असतो. ज्याचा नंबर लहान तो बोलत राहतो, दुसरा आपणहून थांबतो. ग्रामसभेत हे लागू करता आलं असतं तर बरं झालं असतं.

हे सगळं जर्मनीतलं झालं, पण बॉश आपल्याकडेही बराच जुना आहे. १९२२ मध्ये, म्हणजे रॉबर्ट बॉश जिवंत असताना, कलकत्त्यात त्याच्या मालाची विक्री सुरू झाली. १९५१ मध्ये बंगळुरूत मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली, तिचं लघुरूप मायको. मायकोने नाशिकला सातपूरमध्ये कारखाना काढला, तिथे डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनायला लागले. नाशिककरांना मायको सर्कल माहीत असतंच, ते नाव तिथून आलं. २००८ मध्ये कंपनीने मायको हे नाव सोडून बॉश घेतलं, पण आमच्याकडे ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला विचाराल तर तो अजून मायकोच म्हणतो.

बॉशच्या मृत्युपत्राला धरून पुढे त्याच्या कंपनीची मालकी एका धर्मादाय संस्थेकडे गेली. आज ९० टक्क्यांहून जास्त हिस्सा त्या संस्थेचा आहे आणि तिला मिळणारा लाभांश आरोग्य, शिक्षण अशा कामांवर खर्च होतो.

आमच्या गाडीचं म्हणाल तर नवी क्लॉक स्प्रिंग संभाजीनगरहून मागवावी लागली. दोन दिवसांनी मेकॅनिकने ती मध्यावर धरून बसवली, स्कॅनर लावून एअरबॅगचा दिवा घालवला आणि काकांना हॉर्न वाजवून बघायला सांगितलं. काकांनी तो इतका वेळ दाबून धरला की समोरच्या चहावाल्याने वैतागून वर बघितलं.